जिल्ह्याच्या दारातला अडसर

तोंडावर त्याला सगळे मामा म्हणत आणि पाठ वळली की अडसर. हे दुसरं नाव त्याला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

जिल्ह्याच्या मोठ्या ऑफिसात, मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर तो एका उंच स्टुलावर बसायचा. अंगात खाकी कोट, कोटावरून आडवा पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. अंगाने सडपातळ, मानेची शीर सदा ताणलेली. भेटायला कुणी आलं की तो तोंडाकडे बघायचाच नाही, आधी पायांकडे बघायचा. चपला धुळीने भरलेल्या असल्या म्हणजे माणूस लांबून आलाय. लांबून आलाय म्हणजे त्याला परतीची बस गाठायची आहे. मग भांडायची गरजच नाही, नुसतं ताटकळत ठेवलं की झालं. उन्हं कलली की तो माणूस आपणहून उठून चालू लागतो.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत." हे वाक्य तो झोपेतही बोलतो, असं त्याची बायको शेजारणींना सांगायची. त्यात थोडी थट्टा होती, पण अभिमान जास्त. नवरा जिल्ह्याच्या दारात बसतो हे काही थोडंथोडकं नव्हतं. त्याचा बिल्ला ती रोज सकाळी स्वतः घासून लख्ख करायची.

विशीत तो त्या ऑफिसात पाणी भरायला लागला होता. एकदा साहेब आत काही कामात असताना कुणा पुढाऱ्याचा पुतण्या तणतणत आला. याने दारात हात आडवा लावला. पुतण्याने सणसणीत कानाखाली ओढली. याने गाल चोळला, पण हात काढला नाही. आतून साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हा माणूस दारात पाहिजे." त्या दिवसापासून तो दारात बसला. साहेब आले, साहेब गेले. कुणी दोन वर्षं टिकला, कुणी तीन. हा तिथेच. हळूहळू त्याच्या डोक्यात असं बसलं की साहेब काय, आज इथे उद्या तिथे. जिल्हा चालतो तो आपल्यामुळे.

ऑफिससमोर त्याच्या मेहुण्याची खाणावळ होती. कामासाठी आलेली, दिवसभर खोळंबलेली माणसं तिथेच जेवायची. मेहुणा हसून म्हणायचा, "दाजी, तुम्ही माणसं अडवता म्हणून माझी चूल पेटते." दोघांचं चांगलं चाललं होतं.

लोक मात्र त्याच्या नावाने बोटं मोडत. आणि सगळ्यांत जास्त मोडत ती डोंगरातली माणसं.

जिल्हा लांबट होता. शहर त्याच्या एका टोकाला, नदीकाठी. डोंगरातली गावं दुसऱ्या टोकाला. तिथून ऑफिसात यायचं तर भल्या पहाटे निघून दोन बस बदलायच्या. त्या गावांतून एक बाई यायची. केरसुण्या बांधून बाजारात विकणारी. हातांना गवताने पडलेले काप, आवाज पुरुषी, बोलणं थेट. तिच्या वस्तीपुढच्या ओढ्यावरचा साकव, म्हणजे पायी जायचा लाकडी पूल, मोडला होता. पावसाळ्यात ओढा भरला की वस्ती तुटायची. तालुक्याला सांगून झालं होतं. तालुका म्हणाला, जिल्ह्याला सांगा.

ती पहिल्यांदा आली तेव्हा साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्यांदा आली तेव्हा त्याने सांगितलं, चिठ्ठीशिवाय आत सोडत नाही, आणि आजच्या चिठ्ठ्या संपल्या.

तिसऱ्यांदा ती दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर पोचली.

"मामा, आज तरी सोडा. घरात सून भरल्या दिवसांची आहे. ओढा कधीही भरेल."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"आतून तर काही आवाज येत नाही."

"मीटिंग म्हणजे काय बाजार असतो? आवाज येत नाही म्हणे! संध्याकाळी बघू."

"संध्याकाळी माझी बस जाते."

"मग उद्या ये."

ती बराच वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. मग गेली. त्याच आठवड्यात ओढ्याला पाणी आलं, आणि त्याच दिवशी सुनेला कळा सुरू झाल्या. चार माणसांनी खाटेवर घालून तिला ओढ्यापर्यंत आणलं. पाणी उतरेपर्यंत ती त्या काठावरच गेली. मूलही गेलं.

ही बातमी ऑफिसात यायला वेळ लागला नाही. कारकून दबक्या आवाजात बोलू लागले. कुणीतरी त्याला विचारलंच, "मामा, तीच का हो ती बाई?"

"असेल. मला काय माहीत? मी दार सांभाळतो, पूल नाही बांधत."

घरी बायकोने विचारलं तेव्हा मात्र त्याने असं उत्तर दिलं नाही. भिंतीकडे बघत म्हणाला, "साहेब मीटिंगमध्येच होते. मी तरी काय करणार?" बायकोने सुस्कारा सोडला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

डोंगरात वेगळ्या जिल्ह्याची मागणी आधीही होतीच. कुणी ना कुणी सभा घ्यायचा, भाषणं व्हायची, टाळ्या पडायच्या आणि माणसं घरी जायची. पण आता केरसुणीवाली उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. ती फक्त काय झालं ते सांगायची. सांगून झालं की म्हणायची, "असा जिल्हा आपल्याला काय कामाचा? त्याच्या दारात अडसर बसलाय." एवढ्यावर लोक पेटायचे. भिंतींवर घोषणा उमटल्या, त्यांत त्याचं टोपणनाव होतं. सरकारचं होतं नव्हतं ते सगळं पाप त्याच्या एकट्याच्या माथी आलं.

याला सुरुवातीला मोठी गंमत वाटली. खाणावळीत बसून छाती फुगवून सांगायचा, "माझ्यामुळे जिल्हा फुटतोय म्हणे! एवढी ताकद आहे तुमच्या दाजीत."

मग एके दिवशी मोर्चा शहरात आला. ऑफिसापुढे घोषणा देऊन झाल्या आणि कुणीतरी ओरडलं, "अडसराच्या घरी चला!" सगळे त्याच्या गल्लीत वळले. तो तेव्हा ऑफिसात होता. घरात बायको एकटी. ती दारात येऊन उभी राहिली, पदर खोचून. समोर केरसुणीवाली.

"तुझ्या नवऱ्याने माझी सून मारली," केरसुणीवाली म्हणाली.

"तोंड सांभाळून बोल! तुझं दुःख मोठं आहे म्हणून ऐकून घेते, पण माझ्या दारात येऊन काही बोलशील तर चालायचं नाही. साहेब मीटिंगमध्ये होते. माझा नवरा तोंडाचा फटकळ असेल, पण खोटं बोलत नाही."

"तुला कसं माहीत?"

"त्याने मला सांगितलंय. माझ्याशी खोटं बोलायची काय गरज त्याला? जा, साहेबांची गचांडी धर. गरिबाच्या दारात काय शंख करतेस?"

गल्ली बायकोच्या बाजूने उभी राहिली. शेजारणींनी मोर्चावर घागरी रिकाम्या केल्या. केरसुणीवाली चिंब भिजून परत गेली. त्या दिवसानंतर कितीतरी महिने बायको हा प्रसंग रंगवून सांगत होती. तो ऐकता ऐकता उठून बाहेर जायचा.

पुढे सरकारने माणसं पाठवली. त्यांनी गावोगाव फिरून विचारपूस केली आणि नकाशावरच्या जुन्या रेषा पुसून नव्या ओढल्या. ज्याची त्याची अपेक्षा एक आणि झालं भलतंच. डोंगराला वेगळा जिल्हा मिळाला नाही. उलट नदीकाठची सपाटीची गावं काढून शेजारच्या जिल्ह्याला जोडली. उरलेल्या जिल्ह्याचा मध्य डोंगरातल्या बाजारगावात पडला, म्हणून मोठं ऑफिस तिकडे हलवायचं ठरलं. शहराच्या वाट्याला नुसता तालुका राहिला.

शहर खवळलं. दुकानं बंद झाली, रस्त्यात टायर जळाले. मेहुणा बचाव समितीचा म्होरक्या झाला. ऑफिस गेलं तर खाणावळीत माशा मारत बसावं लागणार हे त्याला दिसत होतं. ज्या लोकांनी आजवर अडसराला शिव्या दिल्या, त्यांचीच मुलं आता रस्त्यात ओरडत होती, "आमचा जिल्हा, आमचं ऑफिस!"

सामान हलवायच्या दिवशी पोलिसांच्या बंदोबस्तात ट्रक आले. कपाटं, टेबलं, दप्तरांचे गठ्ठे ट्रकमध्ये चढले. तेवढ्यात गर्दी आवाराच्या फाटकावर चालून आली. पोलीस कमी पडले. ऑफिसच्या शिपायांनी घाईघाईने जाळीचं मोठं दार ओढून घेतलं. साहेबांच्या जागी नव्या आलेल्या मोठ्या बाईसाहेब, त्यांचे कारकून आणि भरलेले ट्रक सगळे आत अडकले. कुलूप लावलं मामाने, आणि किल्ली त्याच्याच हातात राहिली.

मेहुणा जाळीपाशी आला. घसा बसलेला, डोळे लाल. जाळीतून बोटं घालून म्हणाला, "दाजी, आयुष्यभर आम्हाला आत सोडलं नाहीत. आज एक दिवस यांना बाहेर सोडू नका. बस, एवढंच करा. किल्ली खिशात टाका आणि बसा."

मागून लोक ओरडू लागले, "मामा! मामा!" त्यात किराणावाला होता, गल्लीतला न्हावी होता, ऑफिसातून हेलपाटे घालून घालून टाचा झिजलेले कितीतरी चेहरे होते. इतकी माणसं त्याच्याकडे अशी आशेने बघताहेत हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याची मूठ किल्लीभोवती आवळली.

बाईसाहेब जिना उतरून आल्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या. येऊन वर्षही झालं नव्हतं, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याचं स्टूल दारासमोरून उचलायला लावलं होतं. दुपारी कुणीही चिठ्ठीशिवाय आत यावं, असा त्यांचा हुकूम होता. तो त्यांचा मनापासून द्वेष करायचा.

"मामा, दार उघडा."

बाहेरून मेहुणा ओरडला, "दाजी, माझ्या बहिणीची शपथ आहे!"

त्याने गर्दीकडे पाहिलं. या लोकांचंही त्याला काही प्रेम नव्हतं. मग बाईसाहेबांकडे पाहिलं. आणि त्याचा हात आपोआप कुलुपाकडे गेला. साहेबाने सांगावं आणि त्याने करू नये, असं उभ्या हयातीत घडलं नव्हतं. ते अंगातच नव्हतं त्याच्या. दार उघडलं, पोलीस लाठ्या घेऊन पुढे घुसले, पहिला ट्रक आवाज करत निघाला.

गर्दीतून एक चप्पल आली आणि त्याच्या कपाळावर बसली. मग दगड. कुणीतरी त्याचा पट्टा ओढून तोडला. मेहुणा त्याच्या तोंडावर थुंकला आणि म्हणाला, "माझी बहीण तुझ्या घरात आहे म्हणून जिवंत सोडतो."

त्यानंतर शहरात त्याला जगणं मुश्कील झालं. किराणावाला बरण्या भरलेल्या समोर दिसत असताना "संपलंय" म्हणायचा. न्हाव्याने खुर्चीवरून उठवलं. बायकोला भाऊ तुटला, शेजार तुटला; ती घरात दात आवळून वावरू लागली. तेवढ्यात त्याची बदली डोंगरातल्या नव्या ऑफिसात झाल्याचा हुकूम आला. बायको म्हणाली, "तुम्ही जा. मी हे घर सोडणार नाही. सोडलं तर लोक म्हणतील, पळाली."

बाजारगावात ऑफिस एका जुन्या धान्याच्या गोदामात थाटलं होतं. भिंतींना अजून पोत्यांचा वास येत होता. बाईसाहेबांनी त्याला दारापाशी खुर्ची दिली आणि बजावलं, "अडवायचं कुणालाच नाही. कोणत्या टेबलाशी जायचं तेवढं सांगायचं."

"मग मला कशाला आणलंत इथे?"

"मी नाही आणलं. मी तर तुम्हाला तालुक्यालाच ठेवणार होते. इथली ती केरसुणीवाली माणसं घेऊन आली होती. म्हणाली, तोच माणूस आमच्या ऑफिसच्या दारात पाहिजे. मी म्हटलं, का? म्हणाली, ते मी त्याला सांगेन."

त्याला वाटलं, आता मारतील. पण कुणी हात लावला नाही. लोक यायचे, त्याच्या नाकासमोरून आत जायचे, कामं करून बाहेर पडायचे. काही जण मुद्दाम दोनदा आत-बाहेर करायचे, त्याच्याकडे बघून हसायचे. राहायला खोली मिळेना. शेवटी एका पत्रेवाल्याच्या दुकानामागे जागा मिळाली, तिथे दिवसभर ठोकाठोक चालायची.

आणि बाजाराच्या प्रत्येक दिवशी केरसुणीवाली यायची. त्याच्या समोरच्या बाकावर बसायची, गवताचा भारा सोडायची आणि केरसुण्या बांधायला घ्यायची. एक शब्द बोलायची नाही. गवत दाताने ताणायची, दोरी आवळायची आणि त्याच्याकडे बघायची. तो मान फिरवायचा, उठून पाणी प्यायला जायचा, परत यायचा, ती तिथेच. एकदा त्याने बाईसाहेबांकडे तक्रार केली. बाईसाहेब म्हणाल्या, "सरकारी बाक आहे, कुणीही बसावं."

एका दुपारी त्याचा धीर सुटला.

"काय पाहिजे तुला? का छळतेस?"

तिने हातातली केरसुणी खाली ठेवली. "एक विचारायचं होतं. तेवढ्यासाठी मागून घेतलं तुला. शहरात विचारलं असतं तर तुझी माणसं मध्ये आली असती." ती थोडी पुढे झुकली. "त्या दिवशी साहेब खरंच मीटिंगमध्ये होते का?"

त्याच्या तोंडात ते वाक्य तयारच होतं. इतकी वर्षं घोटलेलं. पण दार सताड उघडं होतं, माणसं जात-येत होती, आत बाईसाहेब कुणा म्हाताऱ्याशी बोलताना दिसत होत्या. ते वाक्य इथे कुणाला खरं वाटणार?

"नव्हते," तो म्हणाला.

"मग काय करत होते?"

"पेपर वाचत होते. एकटेच होते. पण जेवणाच्या वेळी कुणाला सोडलं की चिडायचे."

"माझ्यावर चिडले असते?"

"तुझ्यावर नाही. माझ्यावर."

तिला रडू आलं नाही. मग एकदम तिने समोरच्या केरसुण्यांपैकी एक उचलली आणि खाडकन त्याच्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. लोक धावले, तिला धरलं. त्याने हातही वर केला नाही. "तू चिडणं सोसलं नाहीस," ती ओरडत होती, "एवढंसं चिडणं सोसलं नाहीस रे!"

बाईसाहेबांनी त्याला आत बोलावून सगळं ऐकून घेतलं. तिच्यावर तक्रार करणार का, विचारलं. तो नाही म्हणाला. मग त्यांनी त्याला रजेवर घरी पाठवलं. निवृत्तीला फार दिवस उरलेच नव्हते, तो पुन्हा वर गेला नाही.

बातमी त्याच्याआधी घरी पोचली होती. बायको ओट्यापाशी उभी होती. त्याच्या चेहऱ्यावरचे ओरखडे तिने पाहिले, पण जवळ आली नाही.

"तिला खरं सांगितलंत म्हणे."

"हो."

"का?"

"विचारलं म्हणून."

"मीही विचारलं होतं." तिचा आवाज वर गेला. "याच घरात, याच जागी विचारलं होतं! मला म्हणालात, साहेब मीटिंगमध्ये होते. त्या खोट्यावर मी त्या बाईशी दारात भांडले. सून गमावलेल्या बाईला म्हणाले, शंख करू नकोस. शेजारणींनी तिच्यावर पाणी ओतलं, आणि मी हसले. हसले मी!"

"तुला वाईट वाटलं असतं म्हणून..."

"गप्प बसा. मला काय वाटेल याची तुम्हाला कधीपासून काळजी?"

तिने ताट वाढलं, त्याच्यापुढे आपटलं आणि स्वतः न जेवता उठून गेली. आठवडाभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग एका सकाळी ती नीट साडी नेसून पिशवी घेऊन निघाली. तो दारात आला.

"कुठे?"

"वर. डोंगरात."

"तिच्याकडे? ती तुला आत घेणार नाही."

"नाही घेतलं तर बाहेर उभी राहीन."

संध्याकाळची बस उशिरा आली. तो ओट्यावर बसून होता. ती आली, चपला काढल्या, पाय धुतले. पिशवीत एक नवी केरसुणी होती, ती तिने कोपऱ्यात ठेवली.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय," ती म्हणाली आणि चूल पेटवायला बसली.